पानं खाल्ली जावीत म्हणून लावायचं झाड

बागेत आपण झाड लावतो ते फुलासाठी, फळासाठी, फार तर सावलीसाठी. पान कुरतडलेलं दिसलं की कपाळाला आठ्या पडतात. मग अळ्यांनी पानं फस्त करावीत एवढ्याचसाठी कुणी एखादं झाड लावलं तर? आणि तेही रुईचं? रुळांच्या कडेला, पडीक जागेत आपोआप माजणारं, शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडणारं आणि उरलेले सहा दिवस कुणी ढुंकूनही न पाहणारं रुईचं झुडूप?

आधी एक पान तोडून बघा, पण डोळ्यांपासून लांब धरून. तुटल्या जागी पांढरा चीक टपकन येतो. हा चीक पानांत, देठांत, खोडात पसरलेल्या बारीक नळ्यांमध्ये दाबाखाली भरलेला असतो. कुठेही दात लागला की तो उसळतो आणि हवा लागताच घट्ट होऊ लागतो. किड्याचं तोंडच चिकटून बसतं. एवढ्यावर रुईचं समाधान नाही. या चिकात विषही आहे.

ते विष काम कसं करतं? तुमच्या, माझ्या, चिमणीच्या, मुंगीच्या पेशींना एक सूक्ष्म पंप असतो. सोडियम बाहेर टाकायचं, पोटॅशियम आत घ्यायचं, एवढंच त्याचं काम. पण ते थांबलं तर मज्जातंतूंचे निरोप थांबतात, हृदयाचा ताल बिघडतो. रुईतली कार्डेनोलाइड नावाची द्रव्यं नेमकी याच पंपाला जाऊन अडकतात. हृदयरोगावरचं डिगॉक्सिन हे औषध याच कुळातलं. ते मायक्रोग्रॅमच्या हिशेबानं का देतात, ते आता कळेल.

इतका बंदोबस्त असलेलं पान कोण खाईल?

प्लेन टायगर खातो! केशरी पंखांचं, काळ्या-पांढऱ्या काठाचं, सावकाश तरंगत जाणारं हे फुलपाखरू तुम्ही नक्की पाहिलं असेल. त्याची मादी पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी पान थापटते. तिला पायांनी चव कळते! झाड ओळखीचं निघालं की पानाखाली एक, एकच, पांढुरकं अंडं चिकटवते आणि पुढे जाते. तीन-चार दिवसांत इवलासा सुरवंट बाहेर पडतो. पहिला घास स्वतःच्या अंड्याच्या टरफलाचा, आणि दुसरा थेट या विषारी पानाचा.

चिकाचं काय? या कुळातले सुरवंट आधी पानाची शीर चावून तोडतात. नळी फुटते, चीक तिथेच वाहून जातो, दाब उतरतो. मग पलीकडचा भाग निवांत खायचा. शाळा नाही, शिकवणारं कुणी नाही, जन्मून काही तास झालेले, आणि या जीवाला चिकाचा पुरवठा कुठे तोडायचा ते ठाऊक! सगळ्यांनाच जमतं असं मात्र नाही. पहिल्याच दिवशी चिकात अडकून मरणारेही असतात.

आणि विषाचं? याचं उत्तर सापडलं ते प्लेन टायगरच्या अमेरिकेतल्या भाऊबंदात, मोनार्कमध्ये. तिथली मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्याच गोतातली झाडं, मोनार्कचे सुरवंट त्यांच्यावर वाढतात. मोनार्कच्या त्या पंपाच्या घडणीत तीन ठिकाणी अगदी किरकोळ बदल आहेत, त्यामुळे विषाला पकडायला जागाच सापडत नाही. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी नेमके हे तीन बदल फळांवरच्या साध्या माशीत घडवून आणले, आणि ती माशीही हे विष पचवू लागली. हजारो अणूंच्या यंत्रात तीन जागी फेरफार, आणि विष झालं अन्न!

नुसतं अन्नही नाही. सुरवंट ते विष अंगात साठवतो. कोषात त्याच्या शरीराची जवळजवळ सगळी मोडतोड होऊन नवी बांधणी होते, तरी विष टिकतं आणि फुलपाखराच्या अंगात उतरतं. अमेरिकेत शास्त्रज्ञ लिंकन ब्राउअर यांनी ब्लू जे पक्ष्याला विषारी मोनार्क खाऊ घातला होता. थोड्या वेळानं पक्षी ओकला, आणि त्याचा फोटो जगभर गाजला. असा धडा मिळालेला पक्षी त्या रंगाच्या वाटेला पुन्हा सहसा जात नाही. प्लेन टायगर एवढा रमतगमत का उडतो, ते लक्षात आलं? त्याला घाई कसली?

याचा फायदा उपटणारी एक तोतयाही आहे. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. तिचे सुरवंट मात्र घोळीवर पोसलेले. हो, आपण भाजी करतो तीच घोळ! अंगात विषाचा थेंब नाही, पण रंग बघूनच पक्षी लांब राहतात. नर तर या सोंगात पडतच नाही. तो काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके.

पानांवरून नजर हटली तर फुलाकडे बघा. मधोमध मेणकट पंचकोनी मुकुट असतो. यातले पराग सुटे नसतात, थैल्यांत भरलेले असतात, आणि दोन-दोन थैल्या एका इवल्याशा चिमट्याला जोडलेल्या असतात, कपडे वाळत घालताना लावतो तशा. मधासाठी काळा भुंगा बसला की त्याचा पाय फटीत घसरतो आणि बाहेर ओढताना चिमटा पायाला बसतो. ती थैली पुढच्या फुलाच्या फटीत बरोबर अडकायला हवी. म्हणून एवढ्या फुलांमागे फळं थोडीच धरतात. पण एक थैली नीट बसली, तर फळातल्या ढीगभर बियांना पुरतील एवढे पराग एका खेपेत पोचलेले असतात. मग फळ तडकतं आणि पोरांच्या लाडक्या म्हाताऱ्या वाऱ्यावर निघतात. त्यांच्या रेशमाला हसू नका. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली जावाहून येणारा कापोकचा कापूस बंद पडला, तेव्हा अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी मिल्कवीडची बोंडं गोळा केली होती, नौसैनिकांची जीवरक्षक जाकिटं भरण्यासाठी.

लावायचं कसं? म्हातारी पकडा, रेशीम काढा, बी पेरा. भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा, एवढ्यावर रुई खूश. मूळ खोल जातं, त्यामुळे वाढलेलं झाड उपटून आणायच्या फंदात पडू नका. गच्चीवर मोठी कुंडी चालेल. अधूनमधून छाटलं की कोवळी पानं फुटतात, आणि मादीला ती आवडतात. जागा फारच कमी असेल तर त्याच गोतातलं लाल-पिवळ्या फुलांचं हळदीकुंकू लावा. ते मूळचं अमेरिकेतलं, पण प्लेन टायगर त्यावरही अंडी घालतो. माझं मत विचाराल तर रुईच बरी. ती इथलीच आहे आणि पाण्यावाचून अडत नाही.

छाटताना हातमोजे घाला. चीक डोळ्यांत गेला तर कित्येकदा दुखतही नाही, पण नजर धुरकट होते. लगेच भरपूर पाण्यानं डोळा धुवा आणि डॉक्टरांकडे जा.

प्लेन टायगर काही नामशेष व्हायला टेकलेला नाही. त्याला वाचवायला म्हणून नव्हे, हा सगळा खेळ खिडकीतून दिसावा म्हणून रुई लावा. आणि एके सकाळी पानांची चाळण झालेली दिसली, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा गुबगुबीत सुरवंट मजेत चरताना दिसला, तर फवारणीच्या पंपाला हात लावू नका. दोन आठवडे त्याला मनसोक्त खाऊ द्या. रुईला पुन्हा पानं फुटतात.