रूपांतर आणि निष्ठा : टोल्कीनच्या महाकथेचे चित्ररूप

एखादा लोकप्रिय ग्रंथ पडद्यावर आला की त्याच्या वाचकांत दोन तट पडतात, हा अनुभव नवा नाही. चित्रपटाने ग्रंथाचा घात केला, असे एक पक्ष म्हणतो. माध्यम बदलले की कथाही बदलणारच, तेव्हा तक्रार करणे हा भाबडेपणा होय, असे दुसरा पक्ष म्हणतो. समीक्षक बहुधा या दुसऱ्या पक्षाकडे झुकतात. मूळ कृती आणि तिचे रूपांतर या दोन स्वतंत्र कलाकृती आहेत, त्यांची तुलनाच अप्रस्तुत आहे, असा निर्वाळा देऊन ते मोकळे होतात. हे उत्तर सोयीचे खरे. पण ते पुरेसे नाही. जो वाचक एकाच ग्रंथाची वर्षानुवर्षे पारायणे करतो, त्याची तक्रार ही वाङ्मयीन अनुभवाविषयीची एक साक्ष असते, आणि साक्षीची छाननी करणे हे समीक्षेचे कामच आहे.

या दृष्टीने जे. आर. आर. टोल्कीन (१८९२–१९७३) यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अद्भुतकथेचे उदाहरण विशेष बोलके आहे. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचा विषय वरवर पाहता साधा आहे. जी धारण करणाऱ्याला अपार सामर्थ्य देते आणि त्याच वेळी त्याला भ्रष्ट करते, अशी एक अंगठी फ्रोडो नावाच्या एका लहानखुऱ्या, शांतताप्रिय ‘हॉबिट’च्या हाती येते. ती वापरायची नाही, नष्ट करायची, हे त्याचे कार्य. प्राप्तीच्या नव्हे, त्यागाच्या शोधयात्रेची ही कथा आहे. न्यूझीलंडचे दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी तिच्यावर २००१, २००२ आणि २००३ या वर्षी तीन चित्रपट काढले. तिसऱ्याला अकरा ऑस्कर पारितोषिके मिळाली आणि जगभर या कथेला नवे वाचकही लाभले. तरीही ग्रंथाच्या जुन्या वाचकांतील वाद शमला नाही. लेखकाचे पुत्र आणि त्यांच्या अप्रकाशित लेखनाचे संपादक ख्रिस्तोफर टोल्कीन यांनी २०१२ मध्ये ‘ल मोंद’ या फ्रेंच वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत या चित्रपटांवर कठोर शब्दांत टीका केली. ग्रंथाचा गाभा काढून घेऊन त्याचा तरुणांसाठी मारधाडीचा चित्रपट करण्यात आला, असा तिचा आशय होता.

स्वतः टोल्कीन यांची या प्रश्नाविषयीची भूमिका ज्ञात आहे, आणि ती समजली जाते तितकी सरळ नाही. १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी परीकथांवर एक व्याख्यान दिले. विस्तारित स्वरूपात ते १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. अद्भुताचे खरे माध्यम शब्द हेच होय आणि दृश्य कलांना ते सहसा मानवत नाही, असे त्यांनी त्यात प्रतिपादले. शब्द सामान्य असतो, म्हणूनच तो प्रत्येकापुरता विशेष होऊ शकतो. लेखकाने टेकडी म्हटली की प्रत्येक वाचक आपण पाहिलेल्या साऱ्या टेकड्यांतून स्वतःची टेकडी उभी करतो. चित्र मात्र एकच टेकडी दाखवते.

असे असूनही टोल्कीन रूपांतराचे सरसकट विरोधक नव्हते. १९५७-५८ मध्ये एका चित्रपटाचा आराखडा त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्याची बारकाईने चिकित्सा केली. त्या वेळच्या पत्रांवरून दिसते की, प्रसंग वगळण्याला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती प्रसंगांची सरमिसळ करण्याला आणि लढायांचे अकारण माजवलेले प्रस्थ राखण्याला. चालत्या-बोलत्या वृक्षपालांची कथा आणि हेल्म्स डीप येथील दुर्गाची लढाई या दोहोंना पुरेसा अवकाश देता येत नसेल, तर लढाई गाळावी, असे त्यांनी सुचवले. कारण मुख्य कथेच्या दृष्टीने ती आनुषंगिक होती. पुढे जॅक्सन यांच्या दुसऱ्या चित्रपटाचा उत्कर्षबिंदू नेमकी हीच लढाई ठरली. आराखड्यावर आक्षेप घेणाऱ्या याच लेखकाने १९६९ मध्ये चित्रपटाचे हक्क विकले, हेही नोंदवले पाहिजे.

भाषांतराच्या बाबतीतही त्यांचा हाच विवेक दिसतो. डच आणि स्वीडिश अनुवादकांनी नावांशी घेतलेले स्वातंत्र्य त्यांना रुचले नव्हते. म्हणून पुढच्या अनुवादकांसाठी त्यांनी नावांविषयीची एक मार्गदर्शिका तयार केली. ती त्यांच्या निधनानंतर, १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. कोणते नाव अर्थ पाहून भाषांतरित करावे आणि कोणते जसेच्या तसे ठेवावे, हे तीत सांगितले आहे. किंबहुना आपला संपूर्ण ग्रंथच एका प्राचीन हस्तलिखिताचा इंग्रजी अनुवाद आहे, अशी कल्पना त्यांनी परिशिष्टांतून रचली आहे. जो ग्रंथ स्वतःला अनुवाद म्हणवतो, त्याला रूपांतराचे मूलतः वावडे असणार नाही. प्रश्न उरतो तो रूपांतर करताना काय राखावे आणि काय सोडावे, एवढाच.

वाचकांच्या तक्रारी या दृष्टीने तपासल्या तर त्या एकाच जातीच्या नाहीत, हे ध्यानात येते. पहिली जात वगळण्याविषयीची. टॉम बॉम्बाडिल हे रानात राहणारे, अंगठीची सत्ता ज्याच्यावर चालत नाही असे गूढ पात्र चित्रपटात नाही. ब्रायन सिब्ली यांच्या सहभागाने तयार झालेल्या १९८१ च्या बी.बी.सी.च्या सव्वीस भागांच्या नभोनाट्यातही ते नव्हते. ही हानी आहे. पण तिने कथेचा अर्थ बदलत नाही. दुसरी जात हस्तांतराविषयीची. जखमी फ्रोडोला नदीच्या उताराकडे नेण्यास ग्रंथात ग्लॉरफिंडेल हा सरदार येतो. चित्रपटात ते काम राजकन्या आर्वेन करते. येथे पात्र बदलले, प्रसंगाचे प्रयोजन बदलले नाही. या दोन जातींच्या तक्रारींना ‘माध्यमाची गरज’ हे उत्तर पुष्कळ अंशी लागू पडते. तिसऱ्या जातीला मात्र ते लागू पडत नाही.

या तिसऱ्या जातीचे स्वरूप समजण्यासाठी भारतीय साहित्यशास्त्रातील एका जुन्या चर्चेकडे वळणे उपयुक्त ठरेल; कारण प्रसिद्ध कथा नव्या रूपात मांडताना कवीला किती मोकळीक असावी, हा प्रश्न आपल्या आलंकारिकांनी फार पूर्वी विचारला होता. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात आनंदवर्धनांनी त्याचे दुपेडी उत्तर दिले आहे. कवीने इतिवृत्ताचा दास होऊ नये. कथेतील एखादी स्थिती रसाला प्रतिकूल असेल तर ती टाकून रसानुकूल अशी नवी कल्पावी. परंतु रामायणासारख्या ज्या कथांचा रस सिद्धच आहे, त्यांत रसाच्या विरोधी जाणारी स्वेच्छा चालवू नये. म्हणजे निष्ठा घटनेशी नव्हे, रसाशी. कुंतकांनी ‘वक्रोक्तिजीविता’त याच तत्त्वाचा सर्जनशील पैलू दाखवला. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखत असूनही नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप योजून त्या नकारातील क्षुद्रता काढून टाकली आणि शृंगाराला अबाधित ठेवले. मूळ कथेत नसलेली ही गोष्ट नाटकाचा प्राण ठरली.

हा निकष चित्रपटांना लावला तर जॅक्सन यांचे काही बदल या कसोटीला पूर्णपणे उतरतात. बोरोमिर या योद्ध्याचे अखेरचे झुंजणे ग्रंथात प्रत्यक्ष वर्णिलेले नाही. अ‍ॅरागॉर्न पोहोचतो तेव्हा तो मरणोन्मुख पडलेला असतो. चित्रपटाने ती झुंज दाखवली, आणि अंगठीच्या मोहाने ढळलेल्या या वीराचे प्रायश्चित्त त्यामुळे अधिकच उत्कट झाले. गॉलमचे दुभंगलेले मन ग्रंथात त्याच्या स्वगत पुटपुटण्यातून, झोपेतून जागा झालेला सॅम ऐकतो तसे, प्रकट होते. चित्रपटाने केवळ कोन बदलून एकाच चेहऱ्यातून दोन व्यक्ती समोरासमोर बोलत्या केल्या. हे शब्दाला न साधणारे, त्या माध्यमाचे स्वतःचे लावण्य होय.

फॅरामिरची गोष्ट वेगळी आहे. तो बोरोमिरचा धाकटा भाऊ. घराणे तेच, संकट तेच, युद्धाची निकडही तीच. थोरला भाऊ ज्या मोहाला बळी पडला, तोच मोह धाकट्यापुढे चालून येतो. सॅमच्या तोंडून अनवधानाने शब्द निसटतो आणि अंगठी आपल्या आवाक्यात आहे, हे फॅरामिरला कळते. तो ती घेत नाही. शिधा देऊन तो दोघांना पुढे जाऊ देतो. चित्रपटात मात्र तो त्यांना बंदी करून ऑस्गिलिअथ या उद्ध्वस्त नगरापर्यंत नेतो, आणि तेथे शत्रूच्या हल्ल्यानंतर त्याचे मन पालटते. पटकथाकारांनी याची कारणे मोकळेपणाने सांगितली आहेत. अंगठीची भीषण शक्ती प्रेक्षकांच्या मनावर ठसवत आणल्यानंतर एखाद्या पात्राने ती सहज नाकारली, तर ती शक्तीच पोकळ वाटेल. शिवाय शेलॉब या राक्षसी कोळ्याचा प्रसंग तिसऱ्या चित्रपटात गेल्यामुळे दुसऱ्यात फ्रोडोच्या कथेला दुसरा उत्कर्षबिंदू हवा होता.

ही कारणे उडवून लावण्याजोगी नाहीत. नाट्य संघर्षावर जगते, आणि विलंबाने केलेल्या त्यागालाही मोल असते. तथापि येथे गमावले काय, तेही पाहिले पाहिजे. ग्रंथातील फॅरामिरचा नकार ‘सहज’ नाही. एका विचारी मनाने आपल्या मर्यादा अगोदरच ओळखून ठेवल्या आहेत, त्याचे ते फळ आहे. सामर्थ्य समोर असताना ते नाकारणारा सामान्य माणूस संभवतो, ही त्या कथेची मूळ श्रद्धा. चित्रपटाने भयाला उठाव देण्यासाठी ही श्रद्धा दुबळी केली, म्हणजे अंगभूत रसासाठी अंगी रसाला बाध आणला. वाचकाला नेमके हेच खुपले. ‘पुस्तकात असे नाही’ या त्याच्या शब्दांचा खरा अर्थ ‘या कथेत असे होऊ शकत नाही’ असा होता.

कथेच्या शेवटाविषयीचा आक्षेपही याच जातीचा आहे. ग्रंथात अंगठी नष्ट झाल्यावर घरी परतलेल्या हॉबिटांना आपली ‘शायर’ ही भूमी झाडे तोडलेली, धुराने काळवंडलेली आणि गुंडांच्या अमलाखाली दबलेली आढळते; ती त्यांनाच सोडवावी लागते. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टोल्कीन यांनी हा भाग कथानकाचा आवश्यक, आरंभापासून योजलेला घटक असल्याचे सांगितले आहे. चित्रपटात त्याची ओझरती झलक फक्त पहिल्या भागात, भविष्य दाखवणाऱ्या जलदर्पणात दिसते. परतणाऱ्या वीरांना गाव जसाच्या तसा भेटतो. दूरच्या रणांगणावर दुष्टाचा नाश झाला की घर आपोआप सुरक्षित राहते, असा अर्थ त्यातून निघतो. ग्रंथ याच्या अगदी उलट सांगतो. बॉम्बाडिल गाळणाऱ्या नभोनाट्याने हा भाग मात्र राखला होता, यावरून वगळण्यातही तारतम्य असू शकते, हे स्पष्ट होते.

येथे एक शंका घेतली जाईल. ज्या देशात वाल्मीकींची रामकथा कंबांनी तमिळमध्ये, तुलसीदासांनी अवधीत आणि एकनाथांनी मराठीत आपापल्या परीने सांगितली, त्या देशातील अभ्यासकाने निष्ठेचा एवढा आग्रह का धरावा? शंका रास्त आहे. परंतु तीतच उत्तरही आहे. या कथनांपैकी कोणीही दुसऱ्याची जागा घेतली नाही. ती शेजारी-शेजारी नांदली, कारण सर्वांचे माध्यम प्रायः शब्द होते आणि श्रोत्याच्या मनातील राम त्याचा त्यालाच घडवावा लागत होता. चांगला अनुवादही मूळ ग्रंथाला झाकत नाही, आणि पुढच्या अनुवादाची वाट बंद करत नाही. प्रचंड द्रव्य ओतून निर्माण झालेल्या चित्रपटाची प्रतिमा मात्र एकाधिकार मागते. जॅक्सन यांनी अ‍ॅलन ली आणि जॉन हाऊ या, टोल्कीन यांच्या ग्रंथांना पूर्वीच चित्रे देणाऱ्या कलावंतांना रचनाकार म्हणून घेतले. दृश्यांतील प्रामाणिकपणाचे श्रेय त्यांना द्यावेच लागते. पण चित्र जितके प्रामाणिक, तितकी त्याची पकड घट्ट. चित्रपट पाहून ग्रंथ उघडणाऱ्या वाचकाच्या मनात फ्रोडोला अगोदरच एक चेहरा मिळालेला असतो.

म्हणून हा वाद मिटवण्यापेक्षा चालू राहणेच इष्ट आहे. त्यातील आरडाओरडा वजा केला, तर एक समाज आपल्या आवडत्या ग्रंथात मुख्य काय आणि आनुषंगिक काय, हे स्वतःशी ठरवत असतो. बॉम्बाडिल गेला तरी चालेल, फॅरामिर ढळता कामा नये, असे जो वाचक म्हणतो, त्याने ध्वन्यालोक वाचलेला नसेल; परंतु औचित्याचा विचार त्याने केलेला असतो. रूपांतरकाराला त्याच्याकडून घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, कथेतील प्रत्येक घटना बदलता येते, मात्र ती घटना कथेत कशासाठी आहे, हे आधी कळावे लागते. अनुवादकालाही शब्द सोडण्यापूर्वी हाच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो.