खोली रोजावर जाते

शनिशिंगणापुरात खोली शोधायला गेले, तेव्हा घरमालकीणबाईंनी चहा दिला, खोली दाखवली आणि सरळ सांगून टाकलं, "सिस्टर, महिन्यानं द्यायला परवडत नाही हो. खोली रोजावर जाते." त्यांचा हिशेब मला पटला, तिथंच माझी पंचाईत झाली. चार शनिवार आणि एखादी अमावस्या मिळून भक्तांकडून जे येतं, ते माझ्यासारखी आरोग्यसेविका कुठून देणार?

खोलीला चौकट होती, दार नव्हतं. कुत्रं शिरू नये म्हणून फळी टेकवायची, ही इथली रीत. 2011 साली युको बँकेनंही इथं बिनकुलपाची शाखा काढली. मी पाथर्डीकडची; मला रात्री कडी लागते, हे कबूल करते.

शेवटी घोडेगावात, महामार्गावरच्या ट्रकांच्या आवाजात, खोली मिळाली. आम्हाला मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागतात. ज्यांना ठराव हवा, त्यांनी आधी खोली दाखवावी.

सकाळच्या काळी-पिवळीत माझ्यासोबत लॉजच्या चादरी धुणाऱ्या बाया असतात, हॉटेलातली भांडीवाली, झाडूवाल्या; रात्रपाळी संपवलेले वॉचमन उलट दिशेनं निघालेले दिसतात. शनी अमावस्येला सांडलेलं तेल आणि तुडवलेल्या रुईच्या माळा हेच लोक उचलतात. एक मावशी त्या रात्री दुकानाच्या पायरीवरच पडते. घरी न्यायला गाडी नसते.

"घरकुल नाही का मिळत?" असं लोक विचारतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात मूळ अनुदान 1 लाख 20 हजारांचं. वर शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीतून मजुरी. पण पायाखाली जागा स्वतःची हवी. भूमिहीनाला जागा घ्यायला राज्य सरकार 1 लाखापर्यंत मदत देतं, तीही 500 चौरस फुटांपर्यंत, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून कमी. मंदिराच्या रस्त्याला, रसवंत्यांच्या रांगेत, तेवढ्या पैशात काय येतं ते कुठल्याही एजंटाला विचारून बघा. शिवाय बाहेरगावच्या माणसाचं नाव त्याच्या गावच्या यादीत. 2020 साली केंद्रानं स्थलांतरित कामगारांसाठी भाड्याच्या घरांची योजना आणली, ती शहरांपुरती. शिंगणापूर कागदावर खेडं आहे आणि भावानं शहर.

सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर ही कामगारांची वसाहत उभी राहिली ती उलट वाटेनं, भाड्याच्या नव्हे, मालकीच्या घरांची. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं विडी, यंत्रमाग, कचरावेचक असे असंघटित कामगार एकत्र आले. घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचा 1 लाख, उरलेलं कामगारांचं. 30 हजार घरांपैकी पहिल्या 15 हजारांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी झालं. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोलापूरची, म्हणून मालकीचं घर शोभलं. आमच्याकडचा वॉचमन दोन वर्षांनी शिर्डीला जाईल; त्याला सातबारा नको, परवडणारं भाडं हवं.

म्हणून देवस्थानाला आणि ग्रामसभेला एवढीच विनंती: पुढचं भक्तनिवास बांधाल तेव्हा त्यातला एक मजला कामगारांना द्या, महिन्याच्या भाड्यानं, पगार बघून. कडीचा आग्रह मी धरणार नाही.