इतिहासाची पुस्तके वाचून दाखवणारी माणसे

१८८९ साली गोविंद सखाराम सरदेसाई नावाचे एक तरुण पदवीधर बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू झाले. त्यांच्याकडे आलेल्या कामांपैकी एक काम होते महाराजांना पुस्तके वाचून दाखवण्याचे आणि दुसरे राजपुत्रांना शिकवण्याचे. इतिहास शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून पुढे १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली, त्यानंतर ‘मराठी रियासत’चे खंड आले आणि सरदेसाई सर्वांचे ‘रियासतकार’ झाले. आपल्या गावात लिहिल्या गेलेल्या या मोठ्या इतिहासग्रंथाची सुरुवात अशी एका मोठ्याने वाचणाऱ्या माणसापासून झाली, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना सहसा माहीत नसते.

महाराजांना वाचून दाखवायला पगारी माणूस होता. तुम्हाआम्हाला असा वाचक कोण देणार? गेल्या वीस वर्षांत जगभरच्या स्वयंसेवकांनी या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. ते काय आहे, कसे चालते आणि आपण त्यात काय करू शकतो, हे या लेखात सांगायचे आहे.

लिब्रिव्हॉक्स म्हणजे काय?

लॅटिन भाषेत ‘लिबर’ म्हणजे पुस्तक आणि ‘व्हॉक्स’ म्हणजे आवाज. ऑगस्ट २००५ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल शहरातल्या ह्यू मॅग्वायर या लेखकाने ‘लिब्रिव्हॉक्स’ हे काम सुरू केले. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके लोकांनी आपापल्या घरी वाचून ध्वनिमुद्रित करावीत आणि ती सर्वांना फुकट द्यावीत, एवढीच कल्पना. पहिले पुस्तक होते जोसेफ कॉनरॅड यांची ‘द सीक्रेट एजंट’ ही कादंबरी. काही जणांनी एकेक प्रकरण वाटून घेतले आणि पुस्तक पुरे केले. ऑगस्ट २०१६ पर्यंत अशी दहा हजार पुस्तके झाली होती. इंग्रजीचा वाटा त्यात सर्वांत मोठा असला, तरी इतर अनेक भाषांतही वाचन चालते.

या कामाआधी दोन कामे उभी होती. १९७१ मध्ये मायकेल हार्ट यांनी अमेरिकेत ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ सुरू करून जुनी पुस्तके संगणकावर टाइप करून ठेवायला आरंभ केला. १९९६ मध्ये ब्रूस्टर काहल यांनी ‘इंटरनेट आर्काइव्ह’ हे संगणकीय ग्रंथागार उघडले. बहुतेक वेळा वाचायचा मजकूर पहिल्याकडून येतो, तयार आवाज साठवला जातो दुसऱ्याकडे आणि मधले वाचन करतात स्वयंसेवक. कुणाला मानधन नाही, ऐकणाऱ्याला शुल्क नाही.

इतिहासाची पुस्तके यात भरपूर आहेत. एडवर्ड गिबन यांचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास हा सहा खंडांचा आणि ७१ प्रकरणांचा ग्रंथ. त्याचा पहिला खंड १७७६ चा. एवढा ग्रंथ एकट्याने वाचून काढायचा म्हटले तर छाती दडपते. पण प्रकरणे वाटून घेतली, कुणी दोन, कुणी दहा, की काम पुढे सरकते. हिरोडोटसचा इतिहासही अशाच मंडळींनी वाचून ठेवला आहे.

कोणते पुस्तक वाचता येते?

इथे कायदा समजून घ्यायला हवा. भारतात १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. मृत्यूचे वर्ष संपल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून ही ६० वर्षे मोजतात. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती, ती १९९२ मध्ये वाढवली गेली.

आता उदाहरण घेऊ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये वारले. तेव्हा मुदत ५० वर्षांची असल्यामुळे त्यांचे लेखन १९७७ पासून सर्वांना खुले झाले. रियासतकार सरदेसाई २९ नोव्हेंबर १९५९ रोजी वारले. १९६० पासून ६० वर्षे मोजली की २०१९ अखेर मुदत संपते. म्हणजे १ जानेवारी २०२० पासून रियासतकारांची पुस्तके भारतात कुणीही छापावीत, कुणीही वाचून ध्वनिमुद्रित करावीत. कुणाची परवानगी लागत नाही.

अमेरिकेत जुन्या पुस्तकांना निराळा हिशोब लागतो. तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षे मोजतात आणि लिब्रिव्हॉक्स अमेरिकेचा नियम पाळते. त्यामुळे १८९८ ची ‘मुसलमानी रियासत’ तिथे चालेल, पण त्याच सरदेसाईंचा १९४६ पासून निघालेला इंग्रजी ‘न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज’ इथे खुला असूनही तिथे आज चालणार नाही.

आणखी एक खबरदारी. मूळ ग्रंथ जुना असला तरी नव्या आवृत्तीत संपादकांनी लिहिलेली प्रस्तावना आणि टीपा नव्याच असतात, त्यांचा हक्क निराळा. भाषांतराचेही तसेच. म्हणून शक्यतो जुनी आवृत्तीच हाती घ्यावी. जुन्या मराठी पुस्तकांच्या पुष्कळ प्रती स्कॅन करून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवलेल्या आहेत.

काम कसे चालते?

एखाद्याने पुस्तक सुचवले की एक जण त्याचा संयोजक होतो. तो प्रकरणांची यादी लावतो. ज्याला जे प्रकरण वाचायचे ते तो मागून घेतो. नव्या वाचकाने आधी एक मिनिटाचा नमुना पाठवायचा. ही परीक्षा आवाजाच्या गोडव्याची नसते. यंत्राची खरखर आहे का, आवाज फार लहान किंवा फुटका येतो का, एवढेच पाहिले जाते. उच्चारात गावाची लकब आहे म्हणून कुणाला नाकारत नाहीत.

नंतर प्रकरण वाचून ध्वनिमुद्रित करायचे. साधा मायक्रोफोन आणि ‘ऑडॅसिटी’सारखी फुकट मिळणारी संगणक प्रणाली पुरते. सुरुवातीला अर्धा-एक सेकंद आणि शेवटी पाच सेकंद शांतता ठेवायची. मग येतो या साखळीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस, म्हणजे पडताळून ऐकणारा. तो समोर पुस्तक ठेवून सगळे प्रकरण ऐकतो. ओळ गळली, वाक्य दोनदा आले, मध्येच पान उलटल्याचा आवाज आला, तर मिनिट-सेकंदासह कळवतो. वाचक तेवढा तुकडा पुन्हा वाचून जोडतो. सगळी प्रकरणे तपासून झाली की पुस्तक सर्वांसाठी खुले होते.

एक अट मात्र आधीच समजून घ्यावी. आपण वाचलेला आवाजसुद्धा आपण कायमचा लोकांना देऊन टाकतो. उद्या कुणी त्याची सीडी करून विकली, तरी तक्रार करता येत नाही. हे ज्याला पटत नसेल त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला पटते, त्याने दिलेले पुस्तक कुठल्याही खेड्यातल्या माणसाला मिळते, हा त्याचा लाभ.

मराठी इतिहास वाचताना

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्यापैकी काही शिक्षक, माजी विद्यार्थी आणि पालक यांनी रियासतीच्या जुन्या आवृत्तीतले एक प्रकरण वाचून पाहिले. पहिला दिवस पंख्याच्या आवाजात वाया गेला. दुसऱ्या दिवशी पंखा बंद, खिडक्या बंद, भिंतीला गोधड्या, तर शेजारच्या कुकरची शिट्टी. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बसलो तेव्हा जमले.

खरी अडचण पुढे होती. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ दोन प्रकारे उच्चारतात, पण लिहितात एकाच प्रकारे. ‘चौथाई’तला च ‘चाक’मधल्या चसारखा, तर ‘चिटणीस’मधला ‘चिमणी’तल्या चसारखा. गुजराती बोलण्यात हा भेद नाही, त्यामुळे आपल्या मुलांच्या तोंडी दोन्ही सारखेच येतात. एका नववीतल्या मुलीने ‘चौथाई’ चार वेळा वाचली आणि आमच्या निवृत्त बाईंनी चारही वेळा थांबवली. ‘अगं, जीभ दाताला लाव,’ असे त्या म्हणाल्या आणि पाचव्या वेळी बरोबर आले. कितीही चांगले व्याकरणाचे पुस्तक हे शिकवू शकत नाही, ते कानानेच शिकावे लागते.

दुसरी अडचण संक्षेपांची. ‘इ. स.’ दिसले की ‘इसवी सन’ म्हणायचे हे ठाऊक असते. पण जुन्या पत्रांत ‘छ’ या अक्षरापुढे आकडा आणि मुसलमानी महिन्याचे नाव येते. तो ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजे चांद्रमासाची तारीख. वंशावळ वाचायची कशी, तळटीप मध्येच वाचायची की शेवटी, याचाही निर्णय आधी करून सर्व वाचकांनी एकच पद्धत पाळावी लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जुना इतिहास वाचताना एक अक्षरही बदलायचे नाही. पण ऐकणाऱ्याची फसगतही होऊ द्यायची नाही. ग्रँट डफच्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा दिला आहे. पुढे लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्या नोंदीप्रमाणे जन्मतिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० येते आणि आज शाळेत हीच तारीख शिकवतात. आता एखाद्या मुलाने ग्रँट डफ ऐकून परीक्षेत १६२७ लिहिले तर? वाचकाने छापलेलेच वाचावे. मात्र पुस्तकाच्या आरंभी लेखकाचे नाव आणि मूळ प्रकाशनाचे वर्ष स्पष्ट सांगावे आणि सोबतच्या लेखी माहितीत खुलासा द्यावा. जुन्या इतिहासकारांचे राग-लोभ आणि त्यांच्या काळची मतेही त्यांच्या पुस्तकात असतात. वर्ष कळले की ऐकणारा ती त्या काळाची म्हणून ऐकतो.

आपल्याला याची गरज का?

आपल्या अनेक घरांत आता अशी मुले आहेत, ज्यांना मराठी समजते, बोलता येते, पण पानभर मराठी वाचायचे म्हटले की दम लागतो. शाळा इंग्रजी किंवा गुजराती माध्यमाची, घरात आजीशी मराठी. या मुलाला रियासतीचा खंड हातात दिला तर तो दुसऱ्या पानावर मिटेल. तोच मजकूर कुणी वाचून दाखवला तर मात्र ऐकेल. आम्ही केलेले प्रकरण असाच एक मुलगा तीनदा ऐकून गेला. तिसऱ्यांदा त्याने पुस्तक मागितले आणि बोट ठेवून आवाजाबरोबर वाचत राहिला. दमाजी गायकवाड पानिपतावर होते हे त्याने आपण होऊन घरी सांगितले.

दुसरीकडे ज्यांची नजर गेली आहे, अशी वडीलधारी मंडळी आहेत. आयुष्यभर वाचलेल्या माणसाला पुस्तकाविना दिवस काढणे किती जड जाते, ते घरात पाहिलेले असते. अंध व्यक्तींसाठी तर ध्वनिपुस्तक ही मुख्य सोय. त्यांना वाचता येईल अशा रूपात पुस्तके करण्याची मुभा आपल्या कायद्याने २०१२ मध्ये दिली आणि याच हेतूच्या मराकेश करारावर शिक्कामोर्तब करणारा पहिला देश २०१४ मध्ये भारतच ठरला.

घाई मात्र तिसऱ्या कारणासाठी आहे. ज्यांच्या तोंडी जुने उच्चार शाबूत आहेत, मोठ्याने पोथी वाचायची ज्यांना सवय आहे, ती पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. पुस्तके स्कॅन होऊन राहिली आहेत, ती पुढेही राहतील. हे आवाज मात्र थांबणार नाहीत.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभे केले. पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगाव पाठवली जात. ज्याच्या दारी पुस्तक नाही त्याच्याकडे ते न्यायचे, हा त्यामागचा विचार. आवाजाची पुस्तके हे त्याच कामाचे आजचे रूप आहे, असे आम्ही मानतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही रियासतीची पुढची प्रकरणे घेणार आहोत. वाचक हवेत, त्याहून जास्त पडताळून ऐकणारे हवेत. पडताळणीला ना यंत्र लागते ना गोड गळा, फक्त चष्मा, जुने पुस्तक आणि चिकाटी लागते. शालेय विद्यार्थ्यांनी पालकांची संमती आणावी. आजी-आजोबांना मात्र कुणाची संमती लागत नाही, त्यांनी सरळ यावे. ग्रंथालयातल्या वहीत नाव लिहून ठेवावे आणि येताना एक मिनिटभर वाचता येईल असा कोणताही उतारा तयार करून आणावा. पंखा बंद ठेवायची तयारी आम्ही केलेली आहे.