अर्ध्या पटावरचे दाणे

मंडळी, बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट तुम्ही ऐकलेली आहेच. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचं. राजा फसतो आणि गोष्ट संपते. मला मात्र खरी गंमत त्यानंतर वाटते. सगळ्या दाण्यांची बेरीज येते १८४४६७४४०७३७०९५५१६१५. एकं, दहं, शतं ही आपली जुनी माळ परार्धापाशी थांबते. ही संख्या १८४ परार्धांहूनही थोडी मोठी.

एवढा आकडा दिसला की आपण लांबूनच नमस्कार करतो. पण हिचे अवयव पाडायला फार कष्ट नाहीत. शेवटी ५ आहे, तेव्हा पाचाने भाग जाणार. अंकांची बेरीज ८७, म्हणजे तिनानेही जाणार. पुढचं पटच सांगतो. त्याचे बत्तीस-बत्तीस घरांचे दोन भाग करा. दुसऱ्या भागातल्या प्रत्येक घरात, पहिल्या भागातल्या त्याच क्रमाच्या घराच्या ४२९४९६७२९६ पट दाणे असतात. म्हणून एकूण बेरीज झाली पहिल्या भागाच्या ४२९४९६७२९७ पट. आता त्या पहिल्या बत्तीस घरांचेही असेच दोन भाग करा. ६५५३७ हा अवयव मिळतो. असंच अर्धं अर्धं करत गेलं की २५७, १७, ५ आणि शेवटी ३. झाली संख्या मोकळी!

पण पुरती नाही. सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटत होतं, की या सहाही संख्या मूळ आहेत, आणि याच जातीच्या पुढच्याही. पहिल्या पाचांबाबत तो बरोबर होता. सहावी, म्हणजे ४२९४९६७२९७, ऑयलरने १७३२ साली फोडली: ६४१ गुणिले ६७००४१७. तिला भाग जाणारी मूळ संख्या ६४च्या पटीपेक्षा एकाने मोठीच असावी लागते, हे ऑयलरने पुढे सिद्धही केलं. म्हणजे तपासायच्या कोणत्या? १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१. अवघे पाच भागाकार! फर्मासारख्याच्या हातून ते राहून गेले, याचं मला अजून नवल वाटतं.

उरलेल्या पाचांची कथा आणखी वेगळी. १७९६ साली तरुण गाउसच्या लक्षात आलं, की सतरा समान बाजूंचा सुसम बहुकोन नुसती पट्टी आणि कंपास घेऊन काढता येतो. विषम बाजूंचा असा बहुकोन केव्हा जमतो? बाजूंची संख्या फर्माच्या जातीची मूळ संख्या असेल तर, किंवा अशा वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असेल तर. आणि आजवर अशा पाचच सापडल्या आहेत. तेव्हा आपल्या माहितीतला विषम बाजूंचा सर्वांत मोठा असा बहुकोन ४२९४९६७२९५ बाजूंचा. हेच आपल्या अर्ध्या पटावरचे दाणे! कागदावर तो वर्तुळाहून वेगळा दिसायचा नाही, ते सोडा. सहावी मूळ संख्या कुणाच्या हाती लागली, तरच हा आकडा मागे पडेल.