विद्यार्थ्यांच्या व्यापार-स्पर्धा : बक्षिसाआधी भागीदारी लिहा

कॉलेजात जाणारी आपली मुले हल्ली घरी येऊन सांगतात की बिझनेस प्लॅनच्या स्पर्धेत नाव दिले आहे. दुकानावर बसलेल्या बापाला यातले काही उमगत नाही. धंद्याची स्पर्धा तर पेठेत रोज चालू आहे, तिला कॉलेज कशाला, असा त्याचा सवाल असतो. सवाल रास्त आहे. म्हणून हा प्रकार काय आहे ते आम्ही येथे मांडत आहोत.

तीन-चार विद्यार्थी मिळून एक गट करतात, एखाद्या धंद्याची योजना हिशेबासह तयार करतात आणि परीक्षकांपुढे मोजक्या मिनिटांत मांडतात. मग उलटतपासणी होते. परीक्षकांत कारखानदार, भांडवल गुंतवणारे आणि प्राध्यापक असतात. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाने 1984 साली अशी स्पर्धा सुरू केली. एम.आय.टी. या संस्थेत 1990 साली दहा हजार डॉलरच्या बक्षिसाने सुरुवात झाली. आपल्याकडे पवईच्या आय.आय.टी.त 1998 पासून 'युरेका' नावाची स्पर्धा आहे.

यांत हल्ट प्राइझ ही स्पर्धा आपल्या वाचकांनी समजून घेण्यासारखी आहे. तिची कल्पना पॅलेस्टिनी वंशाचे अमेरिकन तरुण अहमद अश्कर यांनी 2009 साली, स्वतः विद्यार्थी असताना मांडली. पैसा स्वीडनचे उद्योजक बर्टिल हल्ट यांच्या घराण्याचा. बक्षीस दहा लाख डॉलर, पण ते मौजमजेसाठी नव्हे. धंदा उभा करण्याचे ते भांडवल आहे. अट अशी की धंद्याने गरिबांचा एखादा प्रश्न सुटला पाहिजे आणि धंदा स्वतःच्या कमाईवर चालला पाहिजे. खैरात चालत नाही. 2014 साली हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या विद्यार्थ्यांनी हे बक्षीस जिंकले. वस्तीतल्याच स्त्रियांना शिकवून, तपासणीची साधने असलेली पिशवी देऊन, घरोघरी मधुमेह आणि रक्तदाब तपासायचा, अशी त्यांची योजना होती.

2017 सालचा विषय निर्वासितांचा होता. त्या वर्षी अमेरिकेच्या रटगर्स विद्यापीठातले चार पाकिस्तानी वंशाचे विद्यार्थी 'रोशनी राइड्स' ही योजना घेऊन उतरले. जागा निवडली कराचीची ओरंगी. ही वस्ती आमच्या धंद्यातल्या लोकांना अगदीच परकी नाही. बनारसी कापड विणणारे कारागीर तिथे जाऊन वसले आहेत आणि 1971 नंतर पूर्व पाकिस्तानातून आलेली बिहारी कुटुंबेही. तिथल्या गरिबाला बाजार, शाळा, दवाखाना गाठायचा तर भाडे परवडत नाही. या मुलांनी सौरऊर्जेवर चालणाऱ्या, सामाईक भाड्याच्या रिक्षांची योजना केली. सप्टेंबर 2017 मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात त्यांना पहिले बक्षीस मिळाले. पुढे धंदा करताना रिक्षाचा बेत मागे पडला आणि कामावर जाणाऱ्या स्त्रियांची ने-आण हे काम पुढे आले. बक्षीस एका योजनेला मिळाले, चालली दुसरीच. जुन्या व्यापाऱ्याला याचे नवल वाटू नये. गिऱ्हाईक जे मागते तेच दुकानात ठेवावे लागते.

आता परीक्षक कुठे पकडतात ते पाहू. समजा मालेगावच्या चार मुलांनी योजना केली की मागावरची साडी थेट दुकानदाराला विकायची. सूत 180 रुपये, मजुरी 70, रंगाई 60, पॅकिंग-भाडे 40, म्हणजे साडी पडली 350 ला. विकली 500 ला. रोज शंभर साड्या, रोजचा नफा पंधरा हजार. कागदावर मोठे झकास दिसते. मग परीक्षक विचारतो, दुकानदार पैसे कधी देतो? मुले म्हणतात, तीन महिन्यांनी. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर तीन महिन्यांत साडेसात हजार साड्या झाल्या. म्हणजे पहिला पैसा हातात पडेपर्यंत 26 लाख 25 हजार रुपये बाजारात अडकले. ते कोण घालणार? आणि माल परत आला तर? इथे इंग्रजी फाडफाड बोलणारी मुलेही गप्प होतात.

उधारी म्हणजे काय, सुताचा भाव चढला की काय होते, हे ज्या मुलाने घरी जेवताना ऐकले आहे त्याला या प्रश्नाचे उत्तर सुचते. फक्त ते ज्ञान त्याला कागदावर मांडता येत नाही, कारण बापाने वही कधी दाखवलेलीच नसते. आमच्या मते या स्पर्धांचा खरा फायदा बक्षिसात नाही. बक्षीस हजारांत एकाला मिळते. धंद्याचे आकडे परक्या माणसासमोर ठेवून जाब द्यायची सवय लागते, ती मोठी कमाई आहे.

पण एका गोष्टीकडे मुले आणि वडील दोघेही दुर्लक्ष करतात, ती म्हणजे भागीदारी. योजना एकाची, हिशेब दुसऱ्याने केला, तिसऱ्याने मंचावर भाषण केले, चौथ्याचे फक्त नाव. हरले तर प्रश्न नाही. जिंकले तर भांडण ठरलेले. एकाला दुबईत नोकरी लागते, तो जातो आणि हिस्सा मात्र मागतो. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा, साक्षीदार करण्याचा हुकूम आहे. ती कुरआनमधील सर्वांत लांब आयत आहे. तरी आपल्या पेठेत भावाभावांचे धंदे तोंडी चालतात आणि कोर्टात संपतात. नाव नोंदवण्याआधीच एका कागदावर लिहावे : कोणाचा किती वाटा, बक्षिसाची रक्कम धंद्यात जाईल की वाटली जाईल, मध्येच सोडून जाणाऱ्याला काय मिळेल, नाव आणि नक्षी कोणाची. शिरकतमध्ये नफा ठरल्याप्रमाणे वाटता येतो, तोटा मात्र ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात सोसावा लागतो. मुदारबात पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची. तोटा आला तर पैसा पैसेवाल्याचा जातो आणि मेहनत मेहनतीची. हजरत खदीजा (रजि.) यांच्या मालाची तिजारत हुजूर (सल्ल.) यांनी नबुव्वतपूर्वी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. भांडवल देणारा व्याज न मागता हिस्सा मागत असेल तर तो मार्ग आपल्याला नवा नाही. मात्र कागदात ठरावीक परताव्याचे कलम दडलेले असते, ते वाचून घ्यावे.

ही स्पर्धा जुगार तर नव्हे, असे काहींनी विचारले आहे. बक्षीस बाहेरचा कोणी देत असेल तर हरकत नाही, आणि भाग घेणाऱ्यांच्याच फीमधून जमवलेले असेल तर ते नाजायज, असा फरक उलेमा करतात. तेव्हा फी किती आहे आणि ती कुठे जाते ते पाहावे, शंका असेल तर मुफ्तीसाहेबांना विचारावे.

मुलींनाही गटात जरूर घ्यावे. जरी, भरतकाम, शिलाई यांची मजुरी घरात त्याच मोजतात. विद्यार्थी असतानाच भाग घेता येतो, डिग्री हाती पडल्यावर बहुतेक ठिकाणी दार बंद होते. म्हणून कॉलेज उघडताच ई-सेल किंवा वाणिज्य विभागात जाऊन चौकशी करावी.