कमी पळालेल्या गाडीचं म्हातारपण

जुन्या मोटरसायकलींच्या बाजारात ‘कमी पळालेली’ या दोन शब्दांना जो भाव मिळतो, तो धडधाकट इंजिनालाही मिळत नाही. यामाहा आरएक्स 100 घ्या. 1985 च्या नोव्हेंबरात आलेली, 1996 साली बंद झालेली. तिच्या मीटरवर थोडेच हजार दिसले की गिऱ्हाईक फार घासाघीस करत नाही. वास्तविक मीटरइतका कच्चा साक्षीदार गाडीत दुसरा नाही. तो पुढच्या चाकातून निघणाऱ्या केबलवर फिरतो. केबल तुटली की गाडी पळत राहते आणि आकडा जागेवर थांबतो. पक्की साक्ष मिळते ती किकच्या रबरावर, फूटरेस्टच्या कडांवर, ब्रेकच्या पॅडलवर जिथे बूट घासतो तिथे, चावीच्या भोकाभोवतीच्या ओरखड्यांत, स्विंगआर्मच्या बुशात. गाडी ‘नवीकोरी’ करायला टाकली की पहिल्याच दिवशी भंगाराच्या पोत्यात जातात त्या नेमक्या याच वस्तू. म्हणून माझं म्हणणं असं की, गाडी खरोखर कमी पळालेली असेल तर तिच्या अंगाला शक्य तितका कमी हात लावावा आणि पोटातली सील-बेअरिंगं मात्र बिनदिक्कत बदलावीत. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या बरोबर उलटं होतं.

हे म्हणणं आमच्या कोकणातल्या पेण-वडखळच्या पट्ट्यात टिकतं का, ते आधी पाहायला हवं, कारण इथली हवाच त्याच्या विरोधात आहे. इथल्या डोलवी गावाच्या अंगाला धरमतरची खाडी आणि खारेपाट. गंमत म्हणजे याच डोलवीत पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्या निघतात. पण पत्रा कुठलाही असो, खाऱ्या दमट हवेपुढे त्याचं फार चालत नाही. रिम आणि सायलेन्सरवरचा क्रोमचा थर अतिशय पातळ असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. मीठ तिथून खाली उतरतं, निकेलच्या थरालाही जिथे छिद्र मिळेल तिथून लोखंडाला गाठतं आणि मुलामा फुगून पापुद्र्यासारखा सुटतो. गाडी पडवीत ताडपत्रीखाली उभी असेल तर आणखी वाईट, कारण आतला दमटपणा बाहेर पडत नाही. वापरातली गाडी निदान तापते, पुसली जाते. उभ्या गाडीच्या नशिबी तेही नाही.

आतली गोष्ट याहून बिकट आहे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँक तेलाच्या डबक्यात बुडलेला नसतो. पेट्रोलबरोबर आलेल्या तेलाचा जो थर बसतो तेवढंच त्याचं संरक्षण, आणि गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की तोही ओघळून जातो. मग बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात. क्रँकच्या दोन टोकांना जी ऑइल सील असतात त्यांचं रबर कडक होतं. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं की तिथून हवा आत ओढली जाते, पेट्रोलचं प्रमाण घटतं, इंजिन तापतं आणि पिस्टन सिलिंडरला धरतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत जाऊन सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. त्यात आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी वाढलं की ते मिश्रण वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि तिथूनच टाकी सडायला लागते. थोडक्यात, कोकणात उभ्या राहिलेल्या गाडीचं वय किलोमीटरमध्ये मोजणं व्यर्थ आहे. ते पावसाळ्यांत मोजावं.

तरीही अशा गाडीपाशी एक गोष्ट असते जी पैसे टाकून परत आणता येत नाही, ती म्हणजे न कापलेला सिलिंडर. आरएक्स 100 चा बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोकही 50, म्हणून इंजिन 98 सीसीचं. एकदा बोअर मारून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन टाकला की ते 99 च्या पुढे जातं. पूर्ण एक मिलिमीटर वाढवला की 102 सीसी होतं आणि आरसी बुकातला आकडा खोटा ठरतो. कमी पळालेल्या गाडीत सिलिंडर कंपनीच्या मापाचा राहिलेला असण्याची शक्यता मोठी असते. ‘इंजिन उघडलंच आहे तर बोअर मारून टाकू’ असं म्हणणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवायला हवं. आधी माप घ्यावं. झीज मर्यादेत असेल तर नव्या रिंगा, सील आणि बेअरिंगांवर भागतं.

रंगाचा वाद याहून जुना आणि कडवट. एक पक्ष म्हणतो, टाकी खरवडा, पावडर कोटिंग करा, नवे स्टिकर लावा, गाडी शोरूममधून निघाल्यासारखी दिसली पाहिजे. माझ्या मते अशी गाडी कुठल्याही शोरूममधून कधी निघालीच नव्हती. आजच्या दोन घटकांच्या रंगाची काचेसारखी चमक कारखान्यातल्या भट्टीत भाजलेल्या रंगाला नव्हती. जुन्या वाहनांच्या फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाची 2013 ची ट्यूरिन सनदही जतनाच्याच बाजूची आहे. प्राचीन इमारतींसाठी 1964 साली झालेल्या व्हेनिस सनदेवरून ती बेतलेली आहे. तिच्यात जतन आधी येतं, पुनर्बांधणी नंतर. बदललेला भाग ओळखू यावा अशी खूण करावी आणि कामाची नोंद ठेवावी, असा तिचा आग्रह आहे.

यावर खारेपाटातला माणूस विचारेल, गंज लागू द्यायचा का? मुळीच नाही. फ्रेमच्या वेल्डिंगपाशी किंवा टाकीच्या तळाशी गंज असेल तर तो काढावाच लागेल. तिथे जिवाचा प्रश्न आहे. पण साइड पॅनेलवरचा फिकटपणा हा आजार नव्हे. त्याला मेण पुरतं. दुसरा आक्षेप कर्मठांचा: मग नवी सील तरी का घालायची? कारण सील, टायर, चेन, ब्रेक शू बदलण्यासाठीच असतात, आणि कंपनीनेही ती तशीच धरलेली असतात. टाकीवरचे पट्टे दर पाच वर्षांनी बदला असं कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतं.

‘मूळ’ कशाला म्हणायचं हा प्रश्न राजदूत 350 ने सर्वांत अवघड करून ठेवला आहे. एस्कॉर्ट्सने 1983 मध्ये यामाहाची आरडी 350 इथे आणली तेव्हा जपानी गाडीतला पुढचा डिस्क ब्रेक काढून ड्रम बसवला. पुढे हाय टॉर्क आणि लो टॉर्क असे दोन अवतारही झाले. आज कित्येक हौशी लोक बाहेरून डिस्क मागवून बसवतात आणि गाडी ‘ओरिजिनल’ झाली म्हणून मिरवतात. ती जपानी आरडीच्या जवळ गेली, हे कबूल. राजदूतपासून मात्र लांब गेली. तो ड्रम त्या वेगाला कमी पडत होता, हाही तिच्या इतिहासाचाच भाग आहे. जीव प्यारा म्हणून डिस्क बसवली तर दोष देता येणार नाही, पण मग ड्रम तेल लावून जपून ठेवावा आणि ‘ओरिजिनल’ हा शब्द गिळावा.

कायद्याने या वादात 2021 च्या जुलैत उडी घेतली. केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ ठरवलं. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवायची मुभा. रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर यायचं. सगळ्यात महत्त्वाची अट अशी की, गाडी मूळ रूपात राखलेली हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल करणारं मोठं काम झालेलं नसावं. ही अट वाचली की वाटतं, दिल्लीत कुणीतरी जतनवाल्यांच्या बाजूचं बसलेलं असावं. पण मूळ रूप कोणत्या पुराव्यावर ठरवायचं? मैसूरच्या आयडियल जावात 1961 पासून बनलेल्या पहिल्या गाड्या आज या नियमात बसतात. राजदूत 350 ला 2033 पर्यंत थांबावं लागेल आणि आरएक्स 100 ला 2035 पर्यंत. तोवर त्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घेणाऱ्या सामान्य दुचाकीच, आणि फेरबदलाबाबत त्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम 52 लागू. पेणच्या आरटीओत एमएच 06 ची आरएक्स व्हिंटेज म्हणून उभी राहील, तेव्हा अधिकाऱ्यापुढे एक चकचकीत टाकी ठेवायची की काय बदललं, कधी बदललं, कुठल्या मापाचं घातलं याची वही आणि पोतंभर जुने सुटे भाग ठेवायचे, हे गाडी आज गॅरेजात शिरतानाच ठरतं आहे.