गोऱ्ह्याच्या वेदनेला गुण किती?

गोंदिया जिल्ह्यात भाताच्या बांध्यांत चिखलणीला ट्रॅक्टर आले, तरी कठाणी बैल अजून कामातून गेलेला नाही. आणि बैल म्हटला की आधी गोऱ्ह्याचे खच्चीकरण आलेच. पूर्वी त्याला बडवत. आता बर्डिझो चिमट्याने, कातडी न फाडता, वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिरडतात. रक्ताचा थेंब सांडत नाही, सोडल्यावर गोऱ्हा हंबरत नाही, तासाभरात वैरणीला तोंडही लावतो. मग फारसे दुखले नसणार, असा निष्कर्ष निघतो. तो मला मान्य नाही. वाघ-लांडग्यांच्या धाकात घडलेली जनावरे दुखणे दाखवत नाहीत, कारण कळपातला लंगडणाराच आधी हेरला जातो. गोठ्यात वाघ नसला, तरी ही सवय मोडत नाही.

प्रयोगशाळांनी हे आधी ओळखले. 2010 मध्ये कॅनडातील जेफ्री मोगिल यांच्या गटाने उंदराचे आवळलेले डोळे, फुगलेले नाक-गाल, कान आणि मिशा यांना प्रत्येकी 0 ते 2 गुण देऊन वेदना मोजली. गुरांसाठी तसे काम 2014 मध्ये ब्राझीलमध्ये झाले, तेही खच्चीकरण झालेल्या नेलोर वळूंवर. नेलोर मूळचे आपल्याच आंध्रातल्या ओंगोल गुरांचे वंशज, त्यामुळे ही मोजपट्टी आपल्या वशिंडाच्या गुरांना परकी नाही. चाल, आजूबाजूकडे लक्ष, हालचाल, भूक आणि पाठीची कमान, पाय झाडणे, जखम चाटणे अशी किरकोळ वाटणारी लक्षणे यांचे मिळून 10 गुण. 4 च्या वर गेले की वेदनाशामक द्यायचे. भूक हा त्यातला एकच भाग आहे, हे वैरणीवरून निदान करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

गुण देणे मनावर अवलंबून नाही का? काही अंशी आहे. म्हणूनच परीक्षकांना चित्रफिती दाखवताना त्या शस्त्रक्रियेआधीच्या की नंतरच्या, हे सांगितले नव्हते. तरी औषधानंतर गुण उतरलेले दिसले. ते वळू शस्त्राने कापलेले होते, चिमट्याने नव्हे, हा आक्षेप अधिक वजनदार. जखमेचे लक्षण इथे सोडावे लागेल, बाकीची टिकतात. आणखी एक खाच आहे: 2014 मध्येच मोगिल यांच्या गटाला आढळले की पुरुषाच्या नुसत्या वासाने उंदीर वेदना कमी दाखवतात. गोऱ्ह्याचेही तसेच होते असे सिद्ध झालेले नाही, पण ज्याने त्याला दाव्याने आवळून धरले त्याने लांबूनच पाहिलेले बरे.

औषधाची अडचण मोठी नाही. गिधाडांसाठी घातक ठरलेल्या डायक्लोफिनॅकवर जनावरांसाठी 2006 मध्ये बंदी आली. त्याच्या जागी देता येणारे वेदनाशामक मेलॉक्सिकॅम गिधाडांनाही सुरक्षित आहे. मात्र बधिरतेचे इंजेक्शन दोनेक तासांत उतरते आणि खरी वेदना त्यानंतर सुरू होते. तेव्हा खच्चीकरणाच्या दिवशी संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी गोऱ्ह्याकडे दुरून पाच मिनिटे पाहा. पाठ कमानलेली, मान खाली, पाय झाडणे सुरू असेल, तर तो चरत असला तरी पशुवैद्यकाला बोलवा.